खरखरीतून उमटलेले रेणू

२०२० सालच्या मार्च महिन्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी करोना विषाणूचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. भारतातील पहिला रुग्ण केरळमध्ये आढळला होता. त्याच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला हा विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसला होता. ७५ नॅनोमीटर व्यासाचा एक राखाडी गोळा, आणि त्याच्या कडेला टोकाशी गोलसर झालेले खुंट. चित्रात दिसते ते एवढेच.

त्याच्या थोडे आधी, फेब्रुवारीत, अमेरिकेतील एका गटाने याच विषाणूवरच्या एका खुंटाची, म्हणजे ज्याला आपण काटेरी प्रथिन म्हणतो त्याची, रचना प्रसिद्ध केली होती. तिच्यात प्रथिनाची साखळी कुठून कुठे वळते, कोठे घडी पडते, कोणता भाग वर उचललेला आहे, हे सारे दिसत होते. लस शोधणाऱ्यांना अशाच रचनेची गरज होती.

दोन्ही चित्रे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचीच. मग एकात नुसती बाह्याकृती आणि दुसऱ्यात आतली घडीन् घडी, हे कसे? यंत्रांत फरक होता हे खरे. पण त्याहून मोठा फरक वेगळाच आहे. पहिले चित्र हे एक छायाचित्र आहे. दुसरे चित्र कोणी कधी 'काढलेले'च नाही. तीन हजारांहून अधिक छायाचित्रांतून त्या प्रथिनाच्या असंख्य पुसट प्रतिमा वेचून संगणकाने ते हिशेबाने घडवले आहे. हा हिशेब करणाऱ्या आज्ञावल्या कोणी लिहिल्या, त्यांत काय चालते आणि त्यांत कोणता धोका दडलेला आहे, ते या लेखात पाहू. त्या धोक्याचा आपल्या शाळेतल्या प्रयोगवहीशीही जवळचा संबंध आहे.

एक छायाचित्र का पुरत नाही?

आपल्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाच्या तरंगलांबीची मर्यादा आहे. त्या लांबीच्या साधारण निम्म्याहून लहान तपशील त्यातून वेगळे दिसत नाहीत. इलेक्ट्रॉनची तरंगलांबी मात्र फारच कमी. ३०० किलोव्होल्ट दाबाने पळवलेल्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.०२ अँगस्ट्रॉम भरते. (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे १ अँगस्ट्रॉम. १० अँगस्ट्रॉमचा १ नॅनोमीटर.) शेजारशेजारच्या दोन कार्बन अणूंतील अंतर सुमारे दीड अँगस्ट्रॉम. म्हणजे कागदोपत्री पाहता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला अणू सहज दिसायला हवेत.

धातूंच्या बाबतीत तसे घडतेही. अडचण येते ती सजीवांतील रेणूंची. पहिली अडचण अशी, की सूक्ष्मदर्शकाच्या नळीत निर्वात पोकळी असते. तिथे ओले प्रथिन ठेवले तर पाणी उडून जाते आणि प्रथिनाचा आकार बिघडतो. ही अडचण झाक द्युबोशे यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवली. पाण्याचा अतिशय पातळ थर अत्यंत थंड द्रवरूप इथेनमध्ये इतक्या झटकन बुडवायचा, की बर्फाचे स्फटिक बनायला वेळच मिळू नये. मग पाणी काचेसारखे गोठते आणि त्यातले रेणू होते तसे अडकून राहतात.

दुसरी अडचण अधिक चिवट आहे. इलेक्ट्रॉनांचा मारा प्रथिनाला जाळतो. जास्त इलेक्ट्रॉन सोडावेत तर चित्र स्पष्ट येते, पण ते जळलेल्या रेणूचे. कमी सोडावेत तर रेणू शाबूत राहतो, पण चित्र दिसत नाही. लांबच्या रेडिओ केंद्राचा कार्यक्रम लावावा आणि खरखरीत शब्दच बुडून जावेत, तशी त्या छायाचित्राची गत होते. खरखर जास्त, शब्द थोडे. रेणू वाचवायचा तर खरखर पत्करणे भाग आहे.

फ्रँक यांची कल्पना

योआखिम फ्रँक यांचा जन्म १९४० सालचा, जर्मनीतला. पदार्थविज्ञान शिकून त्यांनी म्युनिकला वाल्टर होपे यांच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि १९७५ साली ते अमेरिकेत ऑल्बनी येथे न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. त्याच वर्षी त्यांनी एक छोटा निबंध लिहून एक कल्पना मांडली.

त्या काळी प्रथिनांची रचना काढण्याचा राजमार्ग म्हणजे त्यांचे स्फटिक करणे. स्फटिकात लाखो रेणू कवायतीला उभे राहावेत तसे एका ओळीत, एकाच दिशेला तोंड करून उभे असतात. पण अनेक प्रथिने स्फटिक व्हायला मुळीच तयार नसतात. फ्रँक यांचे म्हणणे असे: रेणूंना रांगेत उभे करता येत नसेल तर राहू द्या विखुरलेले. त्यांच्या प्रतिमा मात्र आपण नंतर संगणकात रांगेत लावू. एका थेंबात एकाच प्रथिनाचे असंख्य रेणू असतात आणि ते सगळे एकसारखे असतात. प्रत्येकाचे चित्र खरखरीने भरलेले असले तरी रेणू तोच आहे. खरखर मात्र प्रत्येक चित्रात वेगळी. तेव्हा चित्रे एकावर एक नीट बसवून त्यांची सरासरी काढली, तर जे सर्वांत समान आहे ते ठळक होईल आणि जे प्रत्येकात वेगळे आहे ते आपसांत कटून जाईल.

सरासरीचा हा नियम सांख्यिकीत जुनाच आहे. चित्रांची संख्या चौपट केली की चित्र दुप्पट स्वच्छ होते. शंभरपट केली की दहापट. म्हणूनच इथे हजारो, लाखो प्रतिमा लागतात.

हे समजायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णीसारख्या गावातील कोणत्याही शाळेत फासे, चौकटीचा कागद, एक बॅटरी आणि कपाशीचे एक बोंड एवढ्यावर भागते.

वर्गात करून पाहा : प्रयोग पहिला

आठवीच्या वर्गातील ४० मुलांना प्रत्येकी ५ × ५ घरांची चौकट आखायला सांगा. डावीकडचा उभा रकाना आणि तळची आडवी ओळ मिळून ९ घरांचा एक काटकोन होतो. ही आपली लपलेली आकृती. आता प्रत्येक घरासाठी एकदा फासा टाकायचा. काटकोनातील घर असेल तर १, २, ३ किंवा ४ पडल्यास घर काळे करायचे. बाकीच्या घरांसाठी १, २ किंवा ३ पडले तरच काळे करायचे. फरक एवढासाच आहे.

आता यातला एकच कागद नववीच्या वर्गाला दाखवा आणि विचारा, यात कोणती आकृती आहे? कोणालाही सांगता येणार नाही. काटकोनातील ९ पैकी सुमारे ६ घरे काळी असतील आणि बाकीच्या १६ पैकी सुमारे ८. नजरेला ती नुसती ठिपक्यांची गर्दी दिसते.

मग फळ्यावर मोठी चौकट काढा आणि ४० कागदांत मिळून प्रत्येक घर किती वेळा काळे झाले त्याची बेरीज लिहा. काटकोनाच्या घरांत २७ च्या आसपास आकडे येतील, बाकीच्यांत २० च्या आसपास. एखादे घर फसवेल, पण नववीची मुले आता काटकोन ओळखतील. एकाही कागदावर न दिसणारी आकृती बेरजेत दिसू लागते.

आता तेच कागद नाणेफेकीने कसेही फिरवा, म्हणजे कोणाची वरची बाजू उजवीकडे, कोणाची खाली, आणि पुन्हा बेरीज करा. काटकोन हरवलेला असेल. कडेने एक पुसट चौकट तेवढी उरेल. यावरून लक्षात येईल, की नुसती बेरीज उपयोगाची नाही. बेरजेच्या आधी प्रत्येक चित्र योग्य दिशेला फिरवून घ्यावे लागते. आणि इथेच खरी मेख आहे. थेंबातले रेणू वाटेल तसे आडवेतिडवे पडलेले असतात. ज्या चित्रात रेणू धड दिसतही नाही, ते चित्र किती फिरवायचे हे कसे ठरवायचे?

फ्रँक आणि त्यांचे केंब्रिजमधील सहकारी सॅक्स्टन यांनी १९७७ साली याचे गणित मांडले. दोन चित्रे एकमेकांवर सरकवत, फिरवत न्यायची आणि प्रत्येक वेळी त्यांची जुळणी किती होते ते मोजायचे. जिथे जुळणी सर्वाधिक, ती योग्य जागा. रेणू पुरेसा मोठा असेल तर खरखरीतही ही जागा सापडू शकते, हे त्यांनी दाखवले. फ्रँक यांनी पुढे रायबोसोम हा रेणू-समूह निवडला. पेशीत प्रथिने विणणारा हा कारखाना आकाराने चांगला मोठा, वीस-पंचवीस नॅनोमीटरचा आहे.

सावल्यांवरून वस्तू

सरासरीने फार तर एक स्वच्छ सपाट चित्र मिळते. रेणू तर घनाकृती आहे. तिथे कसे पोहोचायचे?

दिवाळीनंतर आर्णीच्या शिवारात वेचणी चालू असते. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर बोंडाचे वाळके टरफल उरते, ते घ्या. अंधाऱ्या खोलीत बॅटरीपुढे धरून त्याची सावली भिंतीवर पाडा. देठ आपल्याकडे केला तर सावली चांदणीसारखी पडते, चार किंवा पाच टोकांची. आडवे धरले तर पेल्यासारखी. एकाच सावलीवरून वस्तू ओळखता येत नाही. पण अनेक बाजूंच्या सावल्या आणि प्रत्येक सावली कोणत्या बाजूची आहे हे माहीत असेल, तर टरफल न पाहिलेला मुलगाही मातीत त्याचा आकार घडवू शकेल. एका गटाने सावल्या कागदावर उतरवाव्यात आणि दुसऱ्या गटाने त्यावरून वस्तू घडवावी. मुले यात रमून जातात.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र सावलीपेक्षा क्ष-किरणांच्या छायाचित्राला जवळचे असते. कारण इलेक्ट्रॉन वस्तूच्या आरपार जातात आणि आतल्या सगळ्या थरांची बेरीज एकाच पातळीवर उमटते. अशा सपाट चित्रांतून घनाकृती काढण्याची वाट १९६८ साली केंब्रिजच्या डेव्हिड डीरोझिए आणि ॲरन क्लुग यांनी दाखवली. त्यांनी एका विषाणूच्या शेपटीची त्रिमित आकृती काढली.

या कामात भारतीयांचाही वाटा आहे. कोलॅजेन प्रथिनाच्या तिपेडी रचनेसाठी ख्यातनाम असलेले गो. ना. रामचंद्रन यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर १९७१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. क्ष-किरण छायाचित्रे आणि इलेक्ट्रॉन छायाचित्रे या दोहोंपासून घनाकृती कशी काढावी, हाच त्याचा विषय. प्रत्येक सपाट चित्र आधी एका गणिती चाळणीतून गाळायचे आणि मग ज्या दिशेने ते आले त्या दिशेने उलटे पसरवायचे. सगळ्या दिशांची अशी पसरण एकत्र केली की वस्तू उभी राहते. चाळणी न लावता पसरले तर वस्तू धुरकट येते. आधीच्या रीतीपेक्षा ही रीत संगणकाला सोपी होती. सीटी स्कॅनच्या पाठ्यपुस्तकांत ही चाळणी आजही दोघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून 'राम-लॅक' म्हणून ओळखली जाते.

फ्रँक यांच्यापुढचा प्रश्न मात्र एक पायरी पुढचा होता. दवाखान्यात रोगी स्थिर असतो आणि यंत्र ठरलेल्या कोनातून फिरते. इथे कोणते चित्र कोणत्या कोनातले, हेच ठाऊक नसते. फ्रँक यांच्या गटाने १९८० च्या दशकात यावर एक युक्ती वापरली. तेच दृश्य दोनदा टिपायचे, एकदा नमुना तिरका करून आणि एकदा सरळ. सरळ चित्रांवरून रेणू कसे फिरलेले आहेत ते ठरवायचे आणि तिरक्या चित्रांवरून घनाकृती काढायची. १९८७ साली या रीतीने त्यांनी रायबोसोमच्या मोठ्या भागाची आकृती काढली.

हे सारे हिशेब हाताने होण्यासारखे नाहीत. त्यासाठी फ्रँक यांनी आज्ञावल्यांचा एक संच उभा केला. १९८१ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'स्पायडर', म्हणजे कोळी. चित्र फिरवणे, दोन चित्रांची जुळणी मोजणे, सरासरी काढणे, सारख्या चित्रांचे गट पाडणे, अशा छोट्या छोट्या आज्ञा सुट्या ठेवलेल्या. संशोधकाने आपल्या गरजेप्रमाणे त्या एकापुढे एक जोडाव्यात. गट पाडण्याची सांख्यिकी रीत फ्रँक आणि मारिन व्हॅन हील यांनी त्याच वर्षी मांडली.

२०१७ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक फ्रँक, द्युबोशे आणि रिचर्ड हेंडरसन या तिघांना विभागून मिळाले. गोठवण्याची कृती, सूक्ष्मदर्शकाची ताकद आणि संगणकाचा हिशेब अशी ही तीन अंगे होती.

चाळिशी चढवणारी आज्ञावली

फ्रँक यांच्या पद्धतीने २०१० पर्यंत रेणूंचे ढोबळ आकार मिळत. आकृती ओबडधोबड येत असल्याने काही शास्त्रज्ञ थट्टेने तिला गोळ्यांचे शास्त्र म्हणत. पुढे दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे इलेक्ट्रॉन थेट मोजणारे नवे कॅमेरे आले. दुसरी म्हणजे केंब्रिजच्या एमआरसी रेणवीय जीवविज्ञान प्रयोगशाळेत शोर्स शेरेस यांनी २०१२ साली 'रिलायन' ही आज्ञावली जगाला खुली केली.

तिच्यातला मुख्य विचार असा. जुन्या रीतीत प्रत्येक चित्राला एकच कोन द्यावा लागे. खरखर भरपूर असताना हा निर्णय हमखास चुकतो. शेरेस यांनी ठरवले, की शंका असेल तिथे शंका ठेवायची. हे चित्र या कोनातले असण्याची शक्यता इतकी, त्या कोनातले असण्याची इतकी, असे प्रत्येक चित्राचे माप सर्व कोनांत वाटून द्यायचे. आकृती थोडी सुधारली की शक्यता नव्याने मोजायच्या, त्यावरून आकृती पुन्हा सुधारायची, आणि असे फेरे घालत राहायचे. आकृतीत किती बारीक तपशील धरायचा हेही आज्ञावली खरखरीचे प्रमाण पाहून स्वतःच ठरवते. पूर्वी त्यासाठी माणसाला अंदाजाने आकडे घालावे लागत.

याचा परिणाम लवकरच दिसला. रायबोसोमच्या स्फटिकांवर वर्षानुवर्षे काम करून २००९ चे नोबेल मिळवणारे वेंकटरामन रामकृष्णन हे त्याच प्रयोगशाळेतले. २०१४ साली त्यांच्या आणि शेरेस यांच्या गटांनी मिळून यीस्टच्या तंतुकणिकेतील रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना ३.२ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने काढली, आणि तीही स्फटिक न बनवता. २०२० साली फेरिटिन नावाच्या प्रथिनात सुटे अणू वेगळे दिसले. लेखाच्या सुरुवातीला सांगितलेल्या काटेरी प्रथिनाची रचना ३.५ अँगस्ट्रॉमची होती. ती टोरांटोच्या संशोधकांनी तयार केलेल्या 'क्रायोस्पार्क' या दुसऱ्या आज्ञावलीने काढली होती.

आइन्स्टाइनचा चेहरा

आता त्या धोक्याकडे वळू. त्यासाठी वर्गात आणखी एक प्रयोग करावा. पहिल्या प्रयोगाहून हा अधिक बोलका आहे.

प्रयोग दुसरा. ४० मुलांना पुन्हा ५ × ५ ची चौकट द्या. या वेळी फासा नको, नाणे द्या. प्रत्येक घरासाठी नाणे उडवायचे. छापा पडला तर काळे, काटा पडला तर कोरे. म्हणजे या कागदांत कोणतीही आकृती लपलेली नाही. नुसती खरखर. आता प्रत्येक कागद आपल्या जुन्या काटकोनाशी ताडून पाहा. काटकोनातले काळे घर म्हणजे एक गुण. काटकोनाबाहेरचे कोरे घर म्हणजे एक गुण. २५ पैकी सरासरी साडेबारा गुण मिळतील. सर्वाधिक गुणांचे १० कागद निवडा, बाकीचे बाजूला ठेवा आणि या दहांची बेरीज करा.

फळ्यावर काटकोन उमटेल. काटकोनाच्या घरांत ६ च्या आसपास आकडे, बाहेर ४ च्या आसपास. मुले म्हणतील, सापडला! पण सापडला कुठून? कागदांत तो नव्हताच. तो आपल्या मनात होता. आपण तो शोधत होतो, म्हणून त्याच्यासारखे दिसणारे कागद निवडले आणि त्यांची सरासरी काढून आपलीच अपेक्षा आपल्याला परत मिळाली.

शास्त्रज्ञांनी हेच संगणकावर करून दाखवले आहे. आइन्स्टाइनचे एक छायाचित्र नमुना म्हणून घ्यायचे. संगणकाकडून निव्वळ खरखरीची १,००० चित्रे तयार करून घ्यायची. प्रत्येक चित्र नमुन्याशी अधिकात अधिक जुळेल असे सरकवायचे आणि सरासरी काढायची. सरासरीत आइन्स्टाइनचा चेहरा उमटतो, मिशांसकट!

हा केवळ खेळ नव्हता. २०१३ साली एका गटाने एड्सच्या विषाणूवरील प्रथिनाची रचना या पद्धतीने काढल्याचे जाहीर केले. हेंडरसन आणि इतर काही जाणकारांनी आक्षेप घेतला, की निवडलेल्या चित्रांत बहुधा प्रथिन नाहीच. अपेक्षित आकाराचा नमुना घेऊन खरखरीतून ती वेचली गेली असावीत. मूळ गटाने आपली बाजू मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस इतरांनी याच प्रथिनाच्या रचना काढल्या, एक सूक्ष्मदर्शकाने आणि एक स्फटिकाने. त्या दोन्ही एकमेकींशी जुळल्या. आधीच्या चित्राशी मात्र जुळल्या नाहीत. या रचनेवरून लस कशी करावी हे ठरणार होते. चुकीच्या चित्रावर किती जणांची किती वर्षे खर्ची पडली असती, याचा विचार करावा.

अर्धी चित्रे तुमची, अर्धी माझी

मग खरे कसे ओळखायचे? शेरेस आणि त्यांच्या सहकारी शाओशिया चेन यांनी २०१२ साली ज्या शिस्तीचा आग्रह धरला, ती अगदी सोपी आहे. चित्रांचे सुरुवातीलाच दोन समान ढीग करायचे. दोन्ही ढिगांवरून दोन आकृत्या वेगवेगळ्या काढायच्या आणि शेवटपर्यंत एकीचा दुसरीला वारा लागू द्यायचा नाही. मग दोन्ही शेजारी ठेवून, ढोबळ आकारापासून बारीक तपशिलापर्यंत, त्या कुठवर जुळतात ते मोजायचे. जिथे त्यांचे जुळणे संपते, तिथे आपले ज्ञान संपते. त्यापुढचा तपशील कितीही सुबक दिसला तरी तो खरखरीचा आहे असे समजायचे.

वर्गातही हे करता येते. पहिल्या प्रयोगातले, फाशांचे, ४० कागद वीस-वीसचे करा आणि दोन बेरजा मांडा. दोन्हींत काटकोन दिसेल, जरा पुसट, पण त्याच जागी. एका बेरजेत चुकून फुगलेले घर दुसरीत बहुधा फुगलेले नसेल. दुसऱ्या प्रयोगातले, नाण्यांचे, ४० कागद कोणतीही निवड न करता वीस-वीसचे करा. दोन बेरजांत एकमेकींशी जुळणारे काहीच मिळणार नाही.

इथे एक पथ्य मात्र पाळावे लागते. दोन्ही ढिगांना आपण पुन्हा तोच काटकोनाचा नमुना लावला आणि जुळणारे कागद निवडले, तर दोन्हींत काटकोन येईल आणि दोन्ही जुळतीलही. दोन साक्षीदारांना एकाच माणसाने पढवले असेल तर त्यांची साक्ष जुळण्याला अर्थ नसतो. म्हणून सुरुवातीचा नमुना मुद्दाम अगदी धूसर करून, नुसता गोळा दिसेल इतपत ठेवतात. पुढचा तपशील चित्रांमधून आपणहून आला तरच तो खरा.

दुसरे पथ्य आहे उघडेपणाचे. आकृती प्रसिद्ध केली पण ज्या चित्रांवरून काढली ती कपाटात ठेवली, तर इतरांनी ती तपासायची कशी? इंग्लंडमध्ये केंब्रिजजवळ हिंक्सटन येथे युरोपीय जैवमाहिती संस्था आहे. तिथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या आकृत्यांची पेढी २००२ पासून चालते. कच्च्या छायाचित्रांसाठीही तिथे 'एम्पायर' नावाचा खुला साठा उभा राहिला. २०१६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध करणाऱ्या गटाचे प्रमुख होते आर्दन पटवर्धन. आडनाव आपल्या चांगलेच ओळखीचे आहे. त्याआधी त्यांनी मारिन व्हॅन हील यांच्या चमूत याच प्रकारच्या चित्रगणितावर काम केले होते. आता जगातला कोणीही विद्यार्थी ही कच्ची चित्रे उतरवून घेऊ शकतो, रिलायनसारखी मोफत आज्ञावली चालवू शकतो आणि नामवंतांचे उत्तर स्वतः पडताळू शकतो.

आपल्या प्रयोगवह्या

आता आपल्या शाळेकडे वळू. पाण्याचा उत्कलनबिंदू काढण्याचा प्रयोग आपण सर्वजण करून घेतो. पुस्तकात उत्तर १०० अंश सेल्सिअस दिलेले असते. पण हे समुद्रसपाटीला. वर जावे तसे हवेचा दाब कमी होतो आणि दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू साधारण १ अंशाने उतरतो. यवतमाळ शहर सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. तेव्हा तिथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळायला हवे. आणि तरीही मुलांच्या वह्या उघडून पाहिल्या तर काय आढळते? १००, १००, १००.

मुले मुद्दाम खोटे लिहितात असे नव्हे. कोणाचा तापमापक ९८ दाखवतो, कोणाचा ९९, कोणाचा १०१. जे वाचन १०० च्या जवळ, ते 'बरोबर आले' म्हणून वहीत जाते. जे लांब, ते 'चुकले' म्हणून खोडले जाते. म्हणजे नमुना पुस्तकातला, निवड आपली आणि सरासरी शंभर. आइन्स्टाइनच्या चेहऱ्याची हीच तर रीत! यात हरवते ते नेमके शिकण्यासारखे असते. सगळ्या वर्गाची वाचने प्रामाणिकपणे मांडली असती, तर ती दीड अंशाने खाली का येतात हा प्रश्न कोणा मुलाने विचारला असता आणि हवेच्या दाबाचा धडा आपोआप सुरू झाला असता.

तेव्हा या वर्षी हा प्रयोग थोडा वेगळा करून पाहावा. पुस्तकातला आकडा आधी सांगू नये. वर्गाचे दोन गट करावेत, त्यांना वेगवेगळ्या वेळी प्रयोग करू द्यावा आणि एकाही वाचनावर काट मारू नये. मग दोन्ही गटांच्या सरासऱ्या फळ्यावर शेजारी लिहाव्यात आणि त्या कुठवर जुळतात ते मुलांनाच पाहू द्यावे. तापमापक आधी वितळत्या बर्फात धरून शून्य दाखवतो की नाही, हेही तपासून घ्यावे. आर्णीत पाणी किती अंशांना उकळते हे पुस्तकात मिळणार नाही. ते आर्णीच्या मुलांनीच मोजून आपल्या वहीत लिहायचे आहे.